उघडा व्हॉल्व्ह

1922 साली फ्रान्सिस राइट डेव्हिस यांनी पिअर्स-ॲरो कंपनीतली नोकरी सोडली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात तयार होणारी पिअर्स-ॲरो ही तेव्हाच्या अमेरिकेतली बड्या श्रीमंतांची गाडी. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी 1909 मध्ये व्हाइट हाउससाठी मोटारी घेतल्या तेव्हा त्यांत पिअर्स-ॲरो होती, आणि पुढच्या मडगार्डांतच बसवलेल्या दिव्यांमुळे ती दुरून ओळखू येई. ही कंपनी जड ट्रकही बनवत असे. पहिल्या महायुद्धात इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांनी ते वापरले. डेव्हिस या ट्रक विभागाचे मुख्य अभियंता होते. हार्वर्डमधून 1910 साली अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेला, पस्तिशीला आलेला माणूस अशी जागा सोडतो तेव्हा बहुधा त्याला दुसरीकडे अधिक पगाराची जागा मिळालेली असते. डेव्हिस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी एक लहानसे वर्कशॉप भाड्याने घेतले आणि जॉर्ज जेसप या कसबी कारागिराला सोबत घेतले. गाडी वळवण्याचे कष्ट यंत्राने उचलावेत, एवढे एकच काम त्या वर्कशॉपपुढे होते.

हे कष्ट कसले होते, ते आजच्या चालकाला सांगून पटत नाही. एसटीच्या जुन्या गाड्यांचे चालक स्टँडवर गाडी लावताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना थोडेफार आठवेल. सीटवरून अर्धवट उठायचे, दोन्ही हातांनी ते भलेमोठे स्टीअरिंग धरायचे आणि खांद्याचा सगळा जोर लावून ओढायचे. डेव्हिस ज्या ट्रकांशी संबंधित होते ते पाच-पाच टन माल वाहणारे होते. टायर भरीव रबराचे, रस्ते खाचखळग्यांचे. चाक एखाद्या खड्ड्यात आपटले की धक्का सरळ स्टीअरिंगपर्यंत येई आणि ते हातातून सटकून फिरे. स्टीअरिंगच्या आऱ्यांमध्ये अंगठा अडकवून गाडी चालवू नये, हा त्या काळच्या चालकांचा पहिला धडा होता, कारण त्या एका झटक्यात अंगठा मोडत असे.

यावर साधा उपाय सगळ्यांना माहीत होता. स्टीअरिंगखालच्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर वाढवायचे. मग जोर कमी लागतो, पण तेवढ्याच वळणासाठी स्टीअरिंग जास्त वेळा फिरवावे लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-पाच फेरे मारणाऱ्या गाड्या यातूनच आल्या. रस्त्यावर अचानक कुणी आडवे आले तर पाच फेऱ्यांची गाडी वेळेवर वळत नाही. म्हणजे हलकेपणा घ्यायचा तर चपळपणा सोडायचा, आणि चपळपणा हवा तर दंडात ताकद हवी. त्यातच 1923 च्या सुमारास फायरस्टोनने कमी हवेचे, रुंद बलून टायर बाजारात आणले. बसणाऱ्याला ते सुखाचे होते, पण जमिनीवर टेकणारा रबराचा पट्टा वाढला आणि उभ्या गाडीचे स्टीअरिंग आणखी जड झाले. मोटारीत होणारी जवळजवळ प्रत्येक सुधारणा चालकाच्या मनगटावरचा भार वाढवत होती.

डेव्हिस यांच्या आधीही लोकांनी यावर डोके लढवले होते. पिट्सबर्गच्या रॉबर्ट ट्वायफर्ड यांना एप्रिल 1900 मध्ये चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीचे पेटंट मिळाले, त्यात स्टीअरिंगला यांत्रिक मदत देण्याची व्यवस्था होती. 1903 मध्ये कोलंबिया कंपनीच्या पाच टनी ट्रकवर स्टीअरिंगच्या मदतीसाठी वेगळी विजेची मोटर लावलेली होती. पण हे प्रयत्न रुजले नाहीत.

वॉल्थॅम हे घड्याळांचे गाव. वॉल्थॅम वॉच कंपनीमुळे तिथे दोन पिढ्या अतिशय बारीक मापाचे धातुकाम चालत आले होते. डेव्हिस यांनी हे गाव त्यासाठीच निवडले असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्या कामाला लागणारी हातोटी त्या परिसराच्या अंगात होती, कारण सगळा प्रश्न शेवटी एका व्हॉल्व्हच्या अचूकपणावर येऊन ठेपला.

तेलाच्या दाबाने काम करून घेण्याची विद्या तेव्हा नवी नव्हती. कारखान्यांतली हायड्रॉलिक प्रेस त्यावरच चालत. अशा यंत्रात दाब कायम भरून ठेवलेला असतो. व्हॉल्व्ह बंद असतात, आणि गरज पडली की उघडून दाब हव्या त्या बाजूला सोडला जातो. कारखान्यात हे चालून जाते. तिथे यंत्र जागचे हलत नाही, तेल थोडे झिरपले तर पुसून घेता येते. धक्के खात पळणाऱ्या मोटारीत तोच दाब चोवीस तास सीलवर बसून राहिला तर काही दिवसांत प्रत्येक सांध्यातून तेल गळू लागणार. त्या काळच्या सीलना तो दाब पेलणे शक्यच नव्हते.

डेव्हिस यांनी ही मांडणी उलटी केली. व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा. इंजिनवरचा पंप तेल फिरवत राहील, ते व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनी सारखे वाहत टाकीत परत येईल आणि दाब नावाला असेल. चालकाने स्टीअरिंग फिरवले की व्हॉल्व्हचा दांडा केसभर सरकेल आणि एका बाजूची वाट चिंचोळी होईल. अंगणातल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबल्यावर पाण्याला जोर येतो, तसा तेलाचा दाब तिथे लगेच वाढेल आणि पिस्टनला त्या बाजूला ढकलेल. चाके वळली आणि चालकाचा हात थांबला की व्हॉल्व्ह आपोआप मधल्या जागी येईल आणि दाब उतरेल. सरळ रस्त्यावर मैलच्या मैल जाताना सीलवर जवळजवळ काहीच ओझे नसेल. जोर हवा तेव्हाच, हवा तेवढाच, आणि काम झाले की नाहीसा.

मला या कल्पनेची थोरवी तिच्या साधेपणात दिसते. दाब साठवायचा की वाहू द्यायचा एवढाच तो निर्णय होता, पण त्या निर्णयाने हायड्रॉलिक स्टीअरिंग मोटारीत टिकण्याजोगे झाले. व्हॉल्व्ह मधल्या जागी असताना दोन्ही बाजूंच्या फटी तंतोतंत सारख्या असाव्या लागतात आणि दांड्याची हालचाल इंचाच्या काही हजाराव्या भागांत मोजावी लागते. फट जास्त राहिली तर स्टीअरिंग सैल वाटणार, दोन्ही बाजूंना सारखी राहिली नाही तर गाडी आपणहून एका बाजूला ओढणार. कागदावरची ही मापे जेसप धातूत उतरवत होते.

डेव्हिस यांनी आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. स्टीअरिंग आणि चाके यांच्यामधला लोखंडी सांधा त्यांनी तोडला नाही. तेल फक्त मदतीला होते. पंप बंद पडला, बेल्ट तुटला, नळी फुटली तरी गाडी वळणार होती. जड वळणार होती, पण वळणार होती. जुन्या गाडीच्या पॉवर स्टीअरिंगवर भरवसा ठेवावा का, असा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे निम्मे उत्तर या एका निर्णयात आहे.

1925 पर्यंत यंत्रणा तयार झाली आणि ती 1921 सालच्या एका पिअर्स-ॲरो रनअबाऊटवर बसवण्यात आली. 1926 मध्ये डेव्हिस ती घेऊन डेट्रॉइटला गेले आणि जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना दाखवली. उभ्या गाडीचे स्टीअरिंग सहज वळताना पाहून मंडळी प्रभावित झाली. त्याच वर्षी करार झाला आणि डेव्हिस जनरल मोटर्सबरोबर काम करू लागले. कॅडिलॅकच्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंग द्यायचे, असा बेत होता.

एखाद्या नव्या यंत्राला नशीब किती नडू शकते, ते पुढच्या काही वर्षांत दिसते. 1929 मध्ये अमेरिकेत 44 लाखांहून जास्त मोटारी तयार झाल्या होत्या. 1932 मध्ये तो आकडा 11 लाखांच्या आसपास आला. मंदीत लहान गाड्याही खपत नव्हत्या, मग कॅडिलॅक कोण घेणार? नव्या यंत्रणेसाठी लागणारी हत्यारे आणि साचे बनवायचे तर तो खर्च हजारो गाड्यांवर विभागला गेला पाहिजे. तेवढ्या कॅडिलॅक विकल्या जाण्याचे चिन्ह नव्हते. 1934 मध्ये जनरल मोटर्सने बेत गुंडाळला. यंत्रणेत दोष निघाला नव्हता. हिशेब जुळत नव्हता. यंत्र सपशेल फसले असते तर ते सुधारण्याच्या मागे लागता आले असते. यशस्वी यंत्र गिऱ्हाइकाअभावी पडून राहते तेव्हा ते बनवणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही.

डेव्हिस स्वस्थ बसले नाहीत. 1936 मध्ये त्यांनी बेंडिक्स कंपनीशी करार केला. ब्रेकसाठी नावाजलेली ही कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवी. 1939 मध्ये दोन प्रायोगिक ब्यूइक गाड्यांवर ही यंत्रणा चढली. रस्त्यावर येण्याची वेळ पुन्हा जवळ आली, आणि तेवढ्यात युद्ध आले.

या वेळी मात्र संकट डेव्हिस यांच्या पथ्यावर पडले. ब्रिटिश सैन्याला वाळवंटात फिरण्यासाठी जड चिलखती गाड्या हव्या होत्या. शेव्हरलेने त्यांच्यासाठी टी-17-ई-1 ही गाडी बनवली आणि इंग्रजांनी तिचे नाव ठेवले स्टॅगहाउंड. वजन सुमारे 14 टन, मागे दोन इंजिने, त्यांना जोडलेले ऑटोमॅटिक गिअर आणि बुरुजावर 37 मिलिमीटरची तोफ. अशी गाडी नुसत्या हातांनी वळवणे अवघडच होते, म्हणून तिला पॉवर स्टीअरिंग दिले होते. तिच्या पंपाचे बटन चालकासमोर होते. रस्ता आणि वेग पाहून तो मदत चालू किंवा बंद करू शके. गाडी तयार होईपर्यंत आफ्रिकेतली लढाई संपत आली होती, त्यामुळे स्टॅगहाउंड मुख्यतः इटलीत आणि पुढे युरोपात लढली.

युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून जास्त लष्करी वाहनांवर ही यंत्रणा बसली होती. चिखल, गोळीबार, घाईघाईच्या दुरुस्त्या आणि अर्धवट शिकलेले चालक या सगळ्यातून ती पार पडली. कोणत्याही प्रयोगशाळेत इतकी कडक परीक्षा झाली नसती. पॉवर स्टीअरिंग म्हणजे श्रीमंतांचे नाजूक खेळणे, ही शंका त्यानंतर कुणी गंभीरपणे घ्यायला नको होती.

तरीही सामान्य गिऱ्हाइकासाठी ते आले 1951 मध्ये, आणि आणले दुसऱ्यांनीच. क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत हायड्रागाइड या नावाने पॉवर स्टीअरिंग दिले. ते डेट्रॉइटच्या जेमर कंपनीने बनवले होते. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत 17 वर्षांची असे. डेव्हिस यांच्या सुरुवातीच्या पेटंटांची मुदत 1940 च्या दशकाअखेर सरत चालली होती. हायड्रागाइड त्यातल्या मुदत संपलेल्या काही पेटंटांवर उभे होते. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पेटंट संपले की ज्ञान सर्वांचे होते, आणि ते तसे व्हायलाही हवे. पण ज्या माणसाने 1926 साली चालती गाडी दाखवली त्याला मंदी आणि युद्धात ही सारी वर्षे घालवावी लागली, आणि बाजार उघडला तो त्याचा हक्क संपता संपता, हे वाचून वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

जनरल मोटर्सला स्वस्थ बसून चालणारे नव्हते. कंपनीने डेव्हिस यांच्याशी पुन्हा करार केला आणि तिच्या सॅगिनॉ विभागाने बनवलेले पॉवर स्टीअरिंग 1952 च्या कॅडिलॅकमध्ये आले. ज्या गाडीसाठी पहिला बेत झाला होता तिच्यातच. 1953 पर्यंत जनरल मोटर्सने असे दहा लाख संच बनवले होते, आणि 1956 मध्ये अमेरिकेतल्या दर चार गाड्यांपैकी एका गाडीत पॉवर स्टीअरिंग होते. वीस वर्षांपूर्वी जो हिशेब बसत नव्हता तो आता आपोआप बसला. डेव्हिस यांनी हे सारे पाहिले. ते 1978 पर्यंत जगले.

ही लाट अमेरिकेत उसळत होती त्याच सुमारास मुंबईत एक दार बंद झाले. फोर्डने 1926 मध्ये आणि जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर गटाच्या गाड्या जुळवायला घेतल्या. सरकारने देशात पूर्ण गाडी बनवण्याची अट घातली तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स 1954 पर्यंत गाशा गुंडाळून गेले. कुर्ल्याच्या कारखान्याचा भर फियाटवर आला, आणि 1954 मध्ये तिथे फियाट 1100 सुरू झाली. तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी. तिला पॉवर स्टीअरिंग नव्हते आणि त्या हलक्या गाडीला त्याची फारशी गरजही नव्हती. परिणाम असा झाला की पॉवर स्टीअरिंग बाजारात आले तेव्हाच अमेरिकी गाड्यांचा मुंबईतला राबता आटला. आज मुंबईच्या विंटेज रॅलीत दिसणारी 1940 च्या दशकातली शेव्हरले किंवा प्लिमथ मुळात नुसत्या हातांनीच वळणारी आहे. पुढच्या काळातल्या मोठ्या इम्पाला बहुतेक परदेशी वकिलातींमार्फत आल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीतून हौशी लोकांकडे गेल्या. ज्यांत पॉवर स्टीअरिंग होते त्यांच्या सीलसाठी आणि पंपासाठी इथल्या मालकाला परदेशाकडे तोंड करून बसावे लागे.

अमेरिकेत मात्र आता भांडण दुसरेच होते. स्टीअरिंग हलके करता येते, हे सिद्ध झाले होते. ते किती हलके करावे यावर मतभेद होते. क्रायस्लरची जाहिरात अशी की आमचे पॉवर स्टीअरिंग पूर्ण वेळ चालते, स्टीअरिंगला बोट लावताच मदत सुरू होते. सॅगिनॉच्या यंत्रणेत आधी चालकाला काही पौंडांचा जोर स्वतः लावावा लागे, मगच व्हॉल्व्ह सरके. कागदावर क्रायस्लरचे पारडे जड होते. रस्त्यावर तसे नव्हते. टायर ओल्या डांबरावर सुटतो आहे की पकडून आहे, हे चालकाला स्टीअरिंगच्या भारातूनच कळते. तो भार पुरता नाहीसा झाला की हात आंधळे होतात. त्या काळच्या क्रायस्लरबद्दल ही तक्रार सतत झाली, आणि ती रास्त होती. सॅगिनॉने 1959 मध्ये फिरता व्हॉल्व्ह आणला. त्यात एक बारीक पोलादी दांडी असते. चालकाच्या जोराने ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळावरून किती मदत द्यायची ते ठरते. गेल्या शतकातल्या बहुतेक हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगचा गाभा हाच राहिला.

या धावपळीत काही प्रयोग फसलेही. स्टुडबेकरने 1953 मध्ये तेलाऐवजी निव्वळ यांत्रिक मदतीचे पॉवर स्टीअरिंग जाहीर केले. ते मोजक्याच गाड्यांत बसले आणि लवकरच मागे पडून तिथे हायड्रॉलिक आले. फोर्डने मस्टँगसारख्या गाड्यांत जोड-पद्धत वापरली. तीत स्टीअरिंगचा गिअरबॉक्स साधाच असतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन बाहेर, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर लावलेले असतात. स्वस्त पडते, कारण तोच गिअरबॉक्स दोन्ही प्रकारांना चालतो. पण गाडीच्या पोटाखाली, धूळ-चिखलाच्या माऱ्यात दोन जास्तीचे भाग आणि चार रबरी नळ्या लोंबकळत राहतात. 1963 पासून 1982 पर्यंतच्या कॉर्व्हेटमध्येही हीच पद्धत होती. या गाड्यांच्या मालकांना पार्किंगच्या फरशीवरचे तेलाचे डाग चांगले ओळखीचे आहेत. पॉवर स्टीअरिंग बेभरवशाचे, हा जुन्या गाड्यांबद्दलचा समज बराचसा या जोड-पद्धतीने पसरवला आहे. सगळे काही एकाच पेटीत असलेल्या पद्धतीवर तो दोष टाकणे अन्यायाचे ठरेल. खुद्द फोर्डनेही 1971 च्या मस्टँगसाठी ती पेटीच स्वीकारली, आणि तीही प्रतिस्पर्ध्याच्या सॅगिनॉ विभागाची.

फ्रान्सची वाट पूर्ण वेगळी होती, आणि तिच्याजवळ थोडे थांबायला हवे. ऑक्टोबर 1955 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सिट्रोएनने डीएस ही गाडी दाखवली आणि पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 मागण्या नोंदल्या गेल्या. स्टीअरिंग, ब्रेक, स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूचे गोळे, असे सगळे एकाच हायड्रॉलिक व्यवस्थेवर चालत होते. इथे दाब साठवलेला होता, 150 बारच्या आसपास. डेव्हिस यांनी जे टाळले नेमके तेच सिट्रोएनने अंगावर घेतले, आणि त्यांना ते घ्यावेच लागले, कारण गाडी उचलून धरायला आणि ब्रेक लावायला दाब सतत हाताशी हवा होता. सुरुवातीच्या डीएसनी मालकांना पुष्कळ त्रास दिला. त्यांचे लाल हायड्रॉलिक द्रव हवेतला ओलावा शोषून घेई आणि आतले पोलाद गंजे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाचे हिरवे द्रव आले आणि गाडीचा स्वभावच पालटला. म्हणून आजही डीएस विकत घेणारा माणूस आधी विचारतो, लाल की हिरवी? दोन्हींचे सील वेगळ्या रबराचे असतात, आणि एकाचे तेल दुसऱ्यात पडले तर सील खराब होऊन सगळी व्यवस्था उघडून साफ करावी लागते.

सिट्रोएनने 1970 च्या एसएम गाडीत आणखी पुढची मजल मारली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टीअरिंगचे फक्त दोन फेरे. वेग वाढेल तसे ते जड होई आणि हात सोडला की तेलाच्या जोराने सरळ जागी येई, गाडी उभी असली तरी. पहिल्या दिवशी चालक बावचळतो, असे ही गाडी चालवलेले सगळेच सांगतात. त्या काळी याहून धाडसी स्टीअरिंग कोणी विकले नाही.

मग वीज परत आली. 1988 मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्व्हो या चिमुकल्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टीअरिंग दिले. छोट्या इंजिनाला सतत फिरणारा पंप परवडत नाही. विजेची मोटर वळतानाच वीज खाते. ना तेल, ना नळ्या, ना बेल्ट. जोर लागेल तेव्हाच खर्च, हे डेव्हिस यांचे सूत्र आता तेलावाचून अमलात आले.

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांना या विजेच्या स्टीअरिंगने नवी वाट दिली आहे. युरोपात बरेच जण ओपेलच्या, म्हणजेच इंग्लंडमधल्या व्हॉक्झॉलच्या, कोर्सा गाडीतली मोटर लावलेली स्टीअरिंगची दांडी काढून जुन्या गाडीत बसवतात. तिच्या नियंत्रकाला गाडीकडून संदेश मिळाले नाहीत तरी ती ठरावीक मदत देत राहते, आणि ही सवय इथे कामी येते. डॅशबोर्डखाली सगळे झाकले जाते, बाहेरून काही कळत नाही आणि उद्या मूळ दांडी पुन्हा बसवता येते. दुसरा पर्याय म्हणजे आधुनिक एकसंध गिअरबॉक्स. अमेरिकेत बोर्गेसन कंपनी जुन्या गाड्यांत नीट बसतील असे गिअरबॉक्स बनवते. तिसरा पर्याय मूळ यंत्रणाच दुरुस्त करण्याचा.

माझे मत या बाबतीत ठाम आहे. कारखान्यातूनच पॉवर स्टीअरिंग घेऊन आलेल्या गाडीचे ते काढू नये. सॅगिनॉचा गिअरबॉक्स आणि त्याचा पंप ही गेल्या शतकातल्या सर्वांत टिकाऊ यंत्रांपैकी आहेत. ते बिघडतात ते बहुतेक वेळा गाडी वर्षानुवर्षे उभी राहिल्यामुळे. सील सुकतात, आकसतात आणि गाडी पुन्हा सुरू झाली की आठवडाभरात गळू लागतात. नवे सील आणि नव्या नळ्या घातल्या की तीच यंत्रणा आणखी कित्येक वर्षे चालते. जोड-पद्धतीची गाडी असेल तर व्हॉल्व्ह जाणकाराकडूनच दुरुस्त करून घ्यावा. घरी उघडलेला व्हॉल्व्ह मधल्या जागी नीट बसला नाही की गाडी एका बाजूला ओढू लागते, आणि कधी कधी इंजिन सुरू करताच स्टीअरिंग आपोआप फिरू लागते. ज्या गाडीला मुळात पॉवर स्टीअरिंग नव्हतेच, तिच्या मालकाच्या खांद्यांना आता ते झेपत नसेल, तर विजेची दांडी लावायला काहीच हरकत नाही. गाडी गॅरेजमध्ये पडून राहण्यापेक्षा ती रस्त्यावर यावी. फक्त तिच्यासाठी गाडीचे पत्रे किंवा चासी कापू नयेत.

वापरणाऱ्याने काही गोष्टी सांभाळायच्या असतात. हायड्रॉलिक स्टीअरिंग एका टोकाला नेऊन तिथे दाबून धरू नये. त्या क्षणी पंप पूर्ण दाबाने चालतो, सुटकेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच तेल फिरून फिरून तापते. पंपाची किंकाळी ऐकू येते ती तेव्हाच. जुनी गाडी विकत घेताना इंजिन बंद ठेवून, गाडी हळू ढकलत स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. जड जाणारच, पण मध्येच अडकले किंवा एखाद्या जागी ढिले पडले तर दोष तेलात नसून गिअरबॉक्सच्या दातांत किंवा सांध्यांत आहे, आणि तो कोणत्याही पॉवर स्टीअरिंगने झाकू नये. विजेची दांडी लावणाऱ्याने हे आधी तपासावे, कारण खालचा जुना गिअरबॉक्स माणसाच्या हाताच्या जोरासाठी बनलेला असतो आणि मोटरचा जोर त्याच्या वरून येऊन पडतो. शिवाय ती मोटर उभ्या गाडीचे चाक वळवताना क्षणभर कित्येक अँपिअर वीज ओढते. सहा व्होल्टची बॅटरी आणि जुना डायनामो यांना ती मागणी पुरवता येत नाही. म्हणून अशा गाडीत आधी बारा व्होल्टची व्यवस्था आणि ऑल्टरनेटर बसवून घ्यावा, आणि मगच स्टीअरिंगला हात घालावा.